टाके वाळले म्हणजे माणूस बरा झाला?

मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटून ऑपरेशन झालेला माणूस घरी आला, की आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत लवकरच कुजबुज सुरू होते: "टाके वाळले, आता कायचं दुखणं? सोंगं करून राह्यला." साफ चूक. ऑपरेशनात बसवलेली क्लिप (धातूचा बारीक चिमटा) फक्त फुग्याचं तोंड बंद करते; सांडलेल्या रक्तानं मेंदूला झालेली इजा ती भरून काढत नाही. म्हणूनच कापसाचं गाठोडं काट्यावर तोलून दोन मिनिटांत किलो विसरणं, भजनाच्या भोंग्यानं डोकं भणभणणं, थोडं निंदलं की गळून जाणं, हे महिनोन्‌महिने चालू शकतं. घास चावताना कानशीलही दुखतं (तिथला स्नायू कापून परत शिवलेला असतो, हे कोणी सांगतच नाही), जखमेभोवती बधिर लागतं. यातलं बरंचसं हळूहळू ओसरतं.

तोवर कामं सकाळच्या गारव्यात उरकावीत, दुपारी पडू द्यावं, हिशेब वहीत लिहावा. फिटची गोळी मनानं बंद करू नये. बिडी सुटलीच पाहिजे, खर्राही.

मात्र अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, झटका, गुंगी आली किंवा हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन लावा.