लग्न नको, मूल नको : गरोदर बाईच्या हृदयाची काळजी कोणी, कशी सांगितली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशेल पीटर या फ्रेंच डॉक्टरांनी हृदयविकार असलेल्या स्त्रियांसाठी एक सूत्र घालून दिलं. मुलगी असेल तर लग्न नको, लग्न झालं असेल तर गर्भारपण नको, आई झालीच तर अंगावर पाजणं नको. पुढच्या कितीतरी डॉक्टरांनी ते पाठ केलं. गरोदरपण आणि हृदय यांबद्दल बायकांना मिळालेलं पहिलं ‘शिक्षण’ असं तीन नकारांचं होतं. का नको, त्रास कसा ओळखायचा, याची उत्तरं खुद्द डॉक्टरांकडेही नव्हती.

ती शोधायला निघालेला माणूस इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावातला साधा जनरल प्रॅक्टिशनर होता. जेम्स मॅकेन्झी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या देखरेखीखालची एक गरोदर बाई हृदय निकामी होऊन गेली. पुस्तकांत काही सापडेना, म्हणून त्यांनी आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवायला घेतल्या. १९२१ साली त्यांनी हृदयविकार आणि गरोदरपण या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा आजही खरा आहे : नळीतून मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला म्हणून घाबरून जाऊ नये, बाईला किती श्रम झेपतात, हे विचारावं. सगळ्याच बायकांना सरसकट मनाई करण्याचा पाया इथे खचला. १९२८ मध्ये न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने हृदयरुग्णांचे चार वर्ग केले, तेही याच धर्तीवर. जिना चढताना दम लागतो की बसल्या जागी, हे तर बाई स्वतःच सांगू शकते. माझ्या मते या विषयातलं खरं आरोग्यशिक्षण तिथून सुरू झालं, जरी त्या वर्गीकरणाचा तसा हेतू नव्हता.

अडचण अशी की गरोदरपणात निरोगी बाईलाही धाप लागते. शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्के वाढतं, हृदयाला दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलावं लागतं. पावलं सुजतात, छाती धडधडते. ‘दोन जिवांची आहेस, व्हायचंच’ असं सासू म्हणते आणि बहुतेक वेळा तिचं बरोबरच असतं. पण हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद असलेल्या बाईचीही सुरुवात अशीच होते. आडवं झाल्यावर गुदमरणं, मध्यरात्री धाप लागून उठून बसावं लागणं, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, खोकल्यातून गुलाबी फेस येणं, ही लक्षणं मात्र ‘व्हायचीच’ या सदरातली नाहीत. धोका वाढतो तो अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून, कळांच्या वेळी आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत.

आपल्याकडे ही झडप बिघडते ती मुख्यतः लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक फिव्हरने, म्हणजे घशाच्या जंतुदोषामागून येणाऱ्या तापाने. घसा दुखतो, सांधे सुजतात, सगळं बरं होतं आणि वर्षांनंतर पहिल्या गरोदरपणात हृदय पहिल्यांदा तक्रार करतं. १९३०च्या दशकात डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांची पाहणी हाती घेतली. त्या बेने इस्रायली, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. त्या काळात जंतुदोष, रक्तस्राव आणि रक्तक्षय इतके बायकांचे जीव घेत होते की हृदयाकडे कोण बघणार? रक्तक्षय तर अजूनही गेलेला नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. रक्त फारच कमी असेल तर धडधाकट हृदयही थकतं. लोहाच्या गोळीचा हा फायदा मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतं.

१९५४ मध्ये डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात हृदयरोग चिकित्सालय सुरू केलं. त्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. त्याच दशकात अरुंद झडप बोटाने मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया वेल्लोर-मुंबईत होऊ लागल्या, गरज पडली तर गरोदर बाईवरही. १९८२ मध्ये जपानच्या कान्जी इनोउए यांनी फुग्याने झडप उघडून दाखवली, आणि छाती न उघडताही काम होऊ लागलं. ऱ्हुमॅटिक फिव्हर पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन गरोदरपणातही चालतं. तरी ते लग्न ठरलं की बंद होतं, कारण सासरी कळायला नको. पीटरांचं सूत्र आपल्या समाजाने न वाचताच मुखोद्गत केलेलं दिसतं.

कृत्रिम झडपेचा प्रश्न आणखी नाजूक. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन बाळाला बाधू शकते, आणि घाबरून ती मनानेच सोडली तर झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. हे बोलणं दिवस राहण्याआधीच व्हायला हवं.

ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. रक्तस्राव आणि जंतुदोष आटोक्यात आल्यावर या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हृदयविकार आघाडीवर दिसू लागला. तशी चौकशी केरळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये सुरू केली. २०१८-२० मध्ये भारतात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हा आकडा जसा उतरेल तसं हृदय आपल्याकडेही वर येणार.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो, रक्तदाब वाढलेलीच्या कार्डावर निळा. कल्पना चांगली आहे. मात्र तो रंग कशासाठी, हे बाईला आणि तिच्या घरच्यांना सांगितल्याशिवाय त्याचा उपयोग दवाखान्यापुरताच राहतो. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. ज्या डॉक्टरांनी मर्मर ऐकला ते सासरच्या तालुक्यात, कळा येतात दुसऱ्याच जिल्ह्यात. कार्ड आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद पिशवीत घालून न्यायचा, एवढं तरी आशाताईंनी सातव्या महिन्यातच बजावावं.

सगळ्यात उशिरा लक्षात आली ती बाळंतपणानंतरची गोष्ट. १९७१ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी एका हृदयस्नायू-विकाराचे निकष मांडले. तो शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत, आधी ठणठणीत असलेल्या बाईलाही होऊ शकतो. २००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा गंभीर विकार) होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकाराची शक्यता सुमारे दुप्पट निघाली. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने गरोदरपणातला रक्तदाब आणि मधुमेह ही स्त्रीच्या पुढच्या आयुष्यातल्या हृदयविकाराची जोखीम मानली. म्हणजे अशा बाईने बीपी आणि साखर दरवर्षी बघायला हवी. आपल्याकडे आशाताईंच्या बाळंतिणीला पाहण्याच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, आणि त्या भेटींत वजन होतं ते बाळाचं.