पाळीत हात लागला की लोणचं नासतं? खुलासा

फॉरवर्ड दरवर्षी कैऱ्या आल्या की फिरतो: पाळी चालू असलेल्या बाईने बरणीला हात लावला तर लोणचं नासतं, तुळस सुकते. घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असतं म्हणून खरं वाटणं साहजिक आहे.

आता बघा, लोणचं टिकतं ते मिठाने आणि तेलाने. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे जंतूंची वाढ थांबते, वर तेलाचा थर असला की हवा आत जात नाही आणि बुरशीला तर हवा लागतेच. मग नासतं कशाने? ओला चमचा, नीट न वाळलेली बरणी, मीठ कमी, फोडी तेलाच्या वर आलेल्या. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या अस्तरातून येतं, त्याने हातात काही उतरत नाही. हात धुतलेले आणि कोरडे हवेत, एवढंच, आणि ते सगळ्यांनाच लागू.

आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागा बघा ना. विरळणी, घड औषधात बुडवणं, खुडणी, यातलं बरंचसं काम बायाच करतात, हंगामात रोज, तेव्हा कुणी तारीख विचारत नाही आणि घडही सडत नाहीत. त्या दिवसांत तिला आराम द्यायचा तर दुखतंय म्हणून जरूर द्या, विटाळ म्हणून नको.

खात्री करायचीय तर एकाच वेळी घातलेलं लोणचं दोन कोरड्या बरण्यांत भरा, एक पाळीतल्या बाईने भरायची, दुसरी दुसऱ्या कुणी, शेजारी ठेवा आणि महिन्याने उघडून बघा.