दुर्बीण कितीची?

मोफत आकाशदर्शनाला रांगेतून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही कितीची आहे? म्हणजे किती पट मोठं दाखवते?" पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून, मुंबईत खगोल मंडळ गेली कित्येक वर्षं लोकांना आकाश दाखवत आहेत, पण हा प्रश्न काही मागे हटत नाही. ६० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर '५०० पट' छापणाऱ्यांची ही कृपा.

खरं तर एकाच दुर्बिणीची 'पट' पाहिजे तशी बदलता येते. दुर्बिणीत प्रकाश गोळा करणाऱ्या आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिलिमीटर असेल, तर २५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, ४८ पट दिसतं आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून १२० पट. साधा भागाकार. बदलत नाही तो आरशाचा व्यास, आणि सगळी मौज तिथेच आहे.

अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ६ इंची आरसा १५० मिलिमीटरचा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढतं, म्हणजे हा आरसा डोळ्याच्या सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करतो. आता 'पट' दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र मंद होतं. त्यात प्रकाश तरंगरूप असल्यामुळे आरसा कितीही अचूक घासला तरी ताऱ्याची इवलीशी चकतीच दिसते. ६ इंची आरशात ती एका विकलेच्या आसपास असते (अंशाचा ६०वा भाग कला, कलेचा ६०वा विकला). वर आपली हवा तिला आणखी फासटते. उन्हात तापलेल्या गच्चीवर दुर्बीण मांडली की स्लॅबमधून वर येणाऱ्या गरम हवेत गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो. यावर 'पट' वाढवून फक्त अस्पष्टपणा मोठा होतो. म्हणून ठोकताळा असा, की व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट 'पट'. ६० मिलिमीटरला १२०. खोक्यावरच्या ५००चं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आता गंमत बघा. गुरू साधारण ४० विकलांचा. ४८ पटींनी तो ३२ कलांचा होतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा! हे सांगितलं तरी माणसं म्हणतात, "एवढुसाच?" चंद्र आपण मनात फार मोठा करून ठेवलेला असतो.

दर ऑगस्टात मोबाइलवर फिरणारी 'मंगळ चंद्राएवढा होऊन दोन चंद्र दिसणार' ही थाप याच हिशोबातून निघाली. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या जरा पलीकडे होता आणि २५ विकलांचा दिसत होता. मूळ निरोपात '७५ पटींनी पाहिल्यास' असं होतं, आणि तो हिशोब बिनचूक होता. पुढे पाठवता पाठवता ७५ पटी गळल्या, वर्षही गळलं, चंद्र तेवढा उरला.

रांगेत तासभर उभं राहून शनीची पाळी आली की "नको, साडेसाती चालू आहे" म्हणत बाजूला होणारेही असतात. शनीची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींनी भागलं की राशीला सुमारे अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. यात कोपाला जागा कुठे आहे?

मोठा व्यास स्वस्तात मिळवायची वाट दाखवली जॉन डॉब्सन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी असताना त्यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे बनवले. १९६७मध्ये मठ सुटला आणि पुढच्याच वर्षापासून त्यांनी सोबत्यांसह थेट फुटपाथवर दुर्बिणी मांडल्या. लाकडी खोक्यावर फिरणारी त्यांच्या धाटणीची दुर्बीण आज आपल्याकडच्या हौशी मंडळींच्याही आवडीची आहे.

तुमची पाळी येईल तेव्हा नळीला हात लावू नका, मोबाइलचा टॉर्च खिशात ठेवा आणि डोळा लावल्या लावल्या उठू नका. हवा मधूनच अर्धा सेकंद थांबते, आणि गुरूचे पट्टे लख्ख दिसतात ते तेवढ्यातच. मागचे कुरकुरतील. कुरकुरू देत.