पीएच.डी. संशोधन, महाराष्ट्रातील (मानव्यविद्या, कला व सामाजिक शास्त्रे)

एम.ए. किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षणानंतर विद्यापीठात नाव नोंदवून, मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या हाताखाली एका नेमक्या विषयावर मूळ संशोधन करण्याची आणि त्याचा प्रबंध परीक्षकांपुढे ठेवण्याची पद्धत. भाषा-साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र, पुरातत्त्व, संगीत, नाट्य व दृश्यकला हे विषय येथे अभिप्रेत आहेत. या विषयांतले काम बहुधा एकट्याने करायचे असते. दप्तरे चाळणे, पोथ्या मिळवणे, गावात राहून माणसांशी बोलणे यांतच वर्षे जातात, आणि त्या वर्षांत संशोधकाचे घर चालावे लागते. म्हणून या संशोधनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी संशोधकाचा खर्च कोणी उचलला याचा इतिहास आहे.

दक्षिणा फंड

महाराष्ट्रात विद्येसाठी नियमित पैसा देण्याची जुनी व्यवस्था म्हणजे श्रावणमासाची दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावास सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या रमण्यात, म्हणजे टेकडीच्या पायथ्याच्या आवारात, ती वाटली जाई. घेणारे अर्थातच ब्राह्मण शास्त्री-पंडित. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. तिच्यातल्या पैशावर १८२१ मध्ये पुण्यात हिंदू कॉलेज निघाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच फंडातून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी काम करू लागली. दान असे हळूहळू अनुदान झाले, पण ते कोणाला द्यायचे हे ठरवणारे हात फारसे बदलले नाहीत. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले आणि तिने ते नाकारले. महाराष्ट्रातल्या संशोधन-अनुदानाच्या इतिहासात या नकाराची नोंद प्रबंधांच्या यादीइतकीच महत्त्वाची मानायला हवी.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर या फंडातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पुढे विसाव्या शतकात इरावती कर्वे यांना मुंबईत समाजशास्त्राचा अभ्यास करता आला, तोही दक्षिणा फेलोशिपवरच. रमण्यातल्या रांगेपासून एका तरुण स्त्रीच्या संशोधनवृत्तीपर्यंत एकाच फंडाने केलेला हा प्रवास विरळा आहे.

परदेशी पदव्या

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत डॉक्टरेट म्हणजे परदेश असे समीकरण होते. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये तिथे प्रसिद्ध झाला. पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार मांडला. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक विकासावरचा केंब्रिजचा प्रबंध १९२४ मध्ये छापला गेला. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हा ती उभी करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या साऱ्यांत भीमराव आंबेडकर यांची वाटचाल वेगळी आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींच्या उगमावरचा निबंध वाचला, तेव्हा ते विद्यार्थीच होते. तिथून लंडनला गेल्यावर शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये काम अर्धे टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचा हातभार यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी आधी सुधारायला सांगितला. १९२३ मध्ये त्यावर डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ ची, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याखेरीज पदवी मिळत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला. मुदत संपलेली शिष्यवृत्ती, नोकरी करून साठवलेला पैसा, परीक्षकांच्या दुरुस्त्या, छपाईसाठी रखडलेली पदवी: आजच्या संशोधक विद्यार्थ्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

घुर्ये यांचा विभाग

महाराष्ट्रातच राहून सामाजिक शास्त्रांत संशोधन करण्याची घडी बसवली ती मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाने. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी तो सुरू केला. १९२४ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन आलेले गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत राहिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ८० प्रबंध झाले. त्यांची रीत साधी होती: विद्यार्थ्याला ज्या समाजाची भाषा येते, ज्या घरात त्याला जाता येते, तिथेच त्याला पाठवायचे. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये एम.ए.साठी चित्पावनांवर प्रबंधिका लिहिली, तर म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरमधील विवाह व कुटुंब आणि त्यानंतर कूर्ग हे विषय घेतले.

श्रीनिवास यांचे उदाहरण मार्गदर्शक बदलला की सामग्रीचे काय होते ते दाखवते. कूर्गवर मुंबईची पीएच.डी. मिळाल्यावर ते ऑक्सफर्डला गेले आणि तीच सामग्री रॅडक्लिफ-ब्राऊन व इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या हाताखाली नव्याने मांडली. घुर्ये यांच्या शिस्तीत जे वर्णनात्मक तपशील होते त्यांतून ‘संस्कृतायन’ (खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणे) ही कल्पना पुढे आली. दुसऱ्या टोकाला अ. र. देसाई. घुर्ये यांना मार्क्सवाद मान्य नव्हता, तरीही भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा मार्क्सवादी प्रबंध १९४६ मध्ये त्यांच्याच विभागातून पुढे गेला. मार्गदर्शकाला न पटणारे निष्कर्ष काढायची मोकळीक आज किती विभागांत मिळते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पुण्यात याच सुमारास डेक्कन कॉलेजचा पुनर्जन्म झाला. १९३४ मध्ये बंद पडलेले हे कॉलेज ऑगस्ट १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून उघडले. हसमुख सांकळिया पुरातत्त्वात, सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्रात, इरावती कर्वे समाजशास्त्र-मानवशास्त्रात असा तो काळ. सांकळियांचे विद्यार्थी उत्खननाच्या खड्ड्यात संशोधन शिकले, त्यामुळे तिथले प्रबंध एकट्याने टेबलावर लिहिलेले नाहीत.

विद्यापीठाबाहेरची परंपरा

मराठी वाचकाला संशोधक म्हटले की पदवीधर आठवत नाही. आठवतात ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, दप्तरांसाठी वणवण केली, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. कोणत्याही प्रबंधाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मंडळ आणि १९१७ ची भांडारकर संस्था यांच्या पोथ्या व कागद नसते, तर विद्यापीठीय प्रबंधांना पाया मिळाला नसता. जुन्या मराठी साहित्यावर किंवा पेशवाईवर काम करणाऱ्याला आजही मोडी शिकून पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात बसावे लागते. मोडी येत नसलेला इतिहासाचा विद्यार्थी छापील साधनांवरच फिरत राहतो, आणि अशा प्रबंधांची संख्या लहान नाही.

महाराष्ट्रावरचे काही कळीचे प्रबंध परदेशी विद्यार्थ्यांनी लिहिले. झूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा पॅरिसचा प्रबंध १९२० मध्ये ग्रंथरूपाने आला. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये पदवी मिळवली. तेव्हा महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हा विषय ‘संशोधनाचा’ समजला जात नव्हता, असे म्हटले तर अतिशयोक्ती फार होणार नाही. गेल ऑम्वेट यांनी १९७३ मध्ये बर्कलीत पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध दिला, आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला त्या स्थायिक झाल्या.

आजची प्रक्रिया

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळतात, स्त्रिया व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २, आणि स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचे (क्रेडिट). एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. लहान शहरांत खरी अडचण इथेच येते: प्रवेशपात्र विद्यार्थी असतात, पण ‘गाइड’कडे जागा नसते. मग ज्याच्याकडे जागा आहे त्याच्या आवडीचा विषय घ्यावा लागतो. याच विनियमांनी एम.ए. व पीएच.डी. यांमधली एम.फिल. ही पदवी बंद केली आणि प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. सक्तीच्या काळात पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे जे पीक आले, त्याचा सर्वाधिक तोटा भाषा व समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांना झाला. जून २०२४ पासून ‘नेट’चे (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) गुण प्रवेशासाठीही धरले जातात.

प्रवेशानंतरचे टप्पे म्हणजे सिनॉप्सिस, संशोधन समितीपुढचे सादरीकरण, सहामाही प्रगती अहवाल, सादरीकरणपूर्व चर्चासत्र, वाङ्मयचौर्य तपासणी, बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘व्हायवा’. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे मोजायची नाहीत, असे नियमात आहे. तरी संतसाहित्यावरच्या प्रबंधात पानोपानी ओव्या आणि अभंग असतात. आकडा बघणाऱ्याला तेवढे बारकावे दिसतीलच असे नाही.

फेलोशिप

‘जेआरएफ’ची, म्हणजे ‘नेट’मधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची, रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये आहे. ती मिळते थोड्यांना. राज्य पातळीवर अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ‘महाज्योती’ या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या घरातली पहिली पीएच.डी. आज शक्य होते ती अशा पैशावर. म्हणूनच तो पैसा अडला की संशोधक रस्त्यावर येतात. २०२३ मध्ये ‘बार्टी’च्या २०० जागांसाठी ८६१ उमेदवार असताना सर्वांना वृत्ती द्यावी, म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ आंदोलन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूर अधिवेशनात ‘सारथी’च्या जागांवर बोलताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. दक्षिणेच्या रांगेत कोण उभे राहील हा दीडशे वर्षांपूर्वीचा वाद यामागे अजून ऐकू येतो.

पदवीनंतरचे चित्र मात्र कोरडे आहे. विद्यापीठांत सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा नियम आधी पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२३ मध्ये ऐच्छिक झाला. महाविद्यालयांतली भरती वर्षानुवर्षे रखडते, आणि ‘डॉ.’ लावलेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवतात.

कला

संगीत, नाट्य व चित्रकलेत प्रबंध लिहून कलावंत काय सिद्ध करतो, हा वाद जुना आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘संगीताचार्य’ ही पदवी विद्यापीठीय चौकटीबाहेरची. पुण्याचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग यांतून लेखी प्रबंध होतात. गायन किंवा प्रयोग हाच प्रबंध, अशी मुभा अजून विरळ आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे.

प्रबंध कुठे सापडतो

पूर्वी प्रबंधाच्या बांधीव प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून असत. पुण्यात जयकर ग्रंथालयात जाऊन त्या वाचाव्या लागत. २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधाची डिजिटल प्रत गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जाऊ लागली. मराठीतून लिहिलेले प्रबंध शोधणे तिथेही कष्टाचे असते. शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत आणि तीही ज्याला जशी सुचली तशी नोंदवलेली असतात. शिवाय बरेच जुने प्रबंध युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टंकलेले असल्याने आतला मजकूर शोधता येत नाही. त्यामुळे विषय निवडणाऱ्याने संगणकावर शोधून झाल्यावर विभागातल्या जुन्या प्रबंधांच्या नोंदवहीतही पाहावे, नाहीतर आधी झालेलाच विषय पुन्हा नोंदवला जाण्याचा धोका राहतो.