मुख हरवलेली नदी : ह्वाय आणि तिचे कालवे

ह्वाय नदी हनान प्रांतातल्या थुंगपाय डोंगरात उगम पावते, आनह्वेई प्रांत ओलांडते, च्यांगसूतल्या हुंगत्से सरोवरात शिरते आणि तिथे, नकाशावर तरी, संपल्यासारखी दिसते. सुमारे एक हजार किलोमीटर लांबीच्या या नदीचे बहुतांश पाणी आज सरोवराच्या दक्षिण अंगाने बाहेर पडून यांगत्सेला मिळते. प्राचीन चीनने मात्र यांगत्से आणि पीत नदीच्या जोडीने तिची गणना चार पूज्य नद्यांत केली होती, कारण त्या चौघी स्वतःच्या मुखाने समुद्राला मिळत. ह्वायचे ते मुख कसे गेले, हे पुरांइतकेच कालव्यांनीही ठरवले.

छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणारी रेषा ही उत्तर आणि दक्षिण चीनमधली सीमा मानली जाते. जानेवारीतले सरासरी शून्य अंश तापमान आणि वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस या दोन्हींच्या रेषा साधारण तिथूनच जातात, त्यामुळे दक्षिणेला भात आणि उत्तरेला गहू अशी शेतीची विभागणी होते. १२व्या शतकात उत्तरेतले चिन आणि दक्षिणेतले सुंग या राज्यांनी तहाने हद्द ठरवली, तीही याच नदीवर. सुपीक दक्षिणेचे धान्य उत्तरेतल्या राजधान्यांना आणि सैन्याला पोचवायचे, तर वाटेत ह्वाय येणारच होती.

इ. स. पू. ४८६ मध्ये वू राज्याचा राजा फूछाय याने उत्तरेच्या स्वारीसाठी आजच्या यांगचौजवळून ह्वायपर्यंत हानगौ हा कालवा खणवला आणि यांगत्सेचे पाणी ह्वायशी जोडले. इ. स. ६०५ मध्ये स्वै सम्राट यांग याने पीत नदी आणि ह्वाय यांना जोडणारा कालवा पूर्ण करवून घेतला. पुढे ज्याला महाकालवा म्हटले जाऊ लागले, त्याचा हा कणा.

या जलमार्गावरची एक अडचण मोठी गमतीची आहे. पाण्याची पातळी जिथे बदलते तिथे बांधाच्या उतारावरून होड्या दोरांनी ओढून पलीकडे न्याव्या लागत. त्यात होड्या मोडत आणि त्या गोंधळात करापोटी आलेले धान्यही चोरीला जाई. पाणी नेमके कुठे मुरते हे ओळखून ९८४ साली छ्याव वैय्यू या वाहतूक अधिकाऱ्याने ह्वायजवळच्या कालव्यावर सुमारे पन्नास पावलांच्या अंतराने दोन दरवाजे बसवले. होडी मधल्या जागेत घ्यायची, दरवाजे बंद करून पाणी हवे तेवढे चढवायचे किंवा उतरवायचे, आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. दुहेरी दरवाजांच्या जलपाशाचे हे जगातले सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते, आणि त्यामागे चोरांचाही थोडा हात आहे.

ह्वायची खरी दुर्दशा ११२८ पासून सुरू झाली. उत्तरेतल्या चिन राज्याच्या सैन्याला रोखण्यासाठी सुंग अधिकाऱ्यांनी पीत नदीचा बांध फोडला, तिचे पाणी दक्षिणेकडे वळले, आणि ११९४ च्या पुरानंतर तिने ह्वायचे खालचे पात्र जवळजवळ बळकावलेच. तिच्या गाळाने ते पात्र भोवतालच्या जमिनीहून उंच होत गेले, आणि वाट तुंबलेल्या ह्वायच्या पाण्याने हुंगत्से सरोवर फुगत गेले.

मिंग काळात पेकिंगला दक्षिणेचे धान्य महाकालव्याने जाई आणि तो कालवा ह्वाय आणि पीत नदीच्या संगमावरच पीत नदीला छेदत असे. १५७८ नंतर फान चीश्युन या जलतज्ज्ञाने सरोवराच्या पूर्वेचा काओच्यायान हा बांध वाढवला. ह्वायचे स्वच्छ पाणी साठवून ते जोराने सोडायचे आणि पीत नदीचा गाळ वाहून न्यायचा, ही त्यामागची कल्पना. ती हुशारीची होती, यात वाद नाही, पण तिची किंमत वरच्या अंगाच्या लोकांनी मोजली. मिंग राजघराण्याच्या पूर्वजांची थडगी सचौ शहराजवळ असल्याने पाणी किती चढू द्यायचे यावर काही मर्यादा तरी होती. छिंग काळात थडग्यांचा तो धाक उरला नाही, आणि १६८० मध्ये सचौ शहर सरोवराखाली गेले.

१८५१ च्या पुरात ह्वायने दक्षिणेचा बांध फोडून यांगत्सेची वाट धरली, आणि चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, पीत नदी उत्तरेला निघून गेली. पात्र रिकामे झाले, पण गाळाने इतके उंचावले होते की ह्वायला घरी परतता आले नाही. १९३१ आणि १९५० च्या महापुरांनंतर नव्या कम्युनिस्ट सरकारने ह्वायला आवरण्याचे काम हाती घेतले. सरोवरापासून समुद्रापर्यंत १६८ किलोमीटरचा सिंचन कालवा १९५२ मध्ये झाला, आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेच्या वाटेवर ६३ दरवाजांचे सानह धरणद्वार उभे राहिले.

पूर समुद्रात सोडण्यासाठी खास जलमार्ग मिळायला २००३ उजाडले. ह्वाय-आन शहराजवळ हा जलमार्ग महाकालव्याच्या खालून काढलेला आहे : वर काँक्रीटच्या पन्हळीतून मालाचे तराफे आणि बोटी उत्तर-दक्षिण जातात, आणि खालच्या बोगद्यांतून ह्वायचे पाणी पूर्वेला समुद्राकडे वाहते.