लिनक्स रेडमधील निकामी हार्ड डिस्क बदलणे

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमधली, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातली, एखादी हार्ड डिस्क गेली, तर तिच्या जागी नवी बसवून तिच्यावर माहिती पुन्हा उतरवून घेण्याचे काम. रेडची कल्पना अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात मांडली. लिनक्समध्ये हे काम कर्नेलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) एमडी हा भाग करतो. त्याला हुकूम देण्यासाठी नील ब्राउन यांनी लिहिलेला एमडीॲडम हा प्रोग्रॅम वापरतात. वेगळे रेड कार्ड लागत नसल्याने जळगाव-धुळ्याकडच्या पतसंस्थेला किंवा जिनिंगच्या ऑफिसलाही ही सोय परवडते. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. रेड-५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि एक गेलेली चालते. रेड-६ मध्ये दोन.

डिस्क गेल्याचे एमडीस्टॅट या फाइलमध्ये कळते. चौकटी कंसात एरवी चालू डिस्कमागे एक यू, म्हणजे ‘यूयू’ दिसते, तिथे ‘यू_’ येते. मात्र लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून डिस्क ओळखावी ती सिरीयल नंबरावरूनच. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने नंबर काढून तो लेबलशी ताडून पाहावा. चांगली डिस्क उपसली गेली तर सगळेच अडते.

आधी बॅकअप तपासावा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. मग गेलेल्या डिस्कचे सर्व विभाग (पार्टिशन) आपापल्या रेडमध्ये ‘फेल’ आणि ‘रिमूव्ह’ करून, मशीन बंद करून डिस्क बदलावी. नवी डिस्क जुनीपेक्षा थोडीही लहान नसावी. पुढची पायरी सर्वांत घातक आहे, ती म्हणजे चांगल्या डिस्कवरचा विभागांचा तक्ता नवीवर उतरवणे. त्यासाठीच्या एसजीडिस्क या प्रोग्रॅमच्या आर पर्यायात ज्या डिस्कवर लिहायचे तिचे नाव आधी येते. क्रम उलटला तर चांगल्या डिस्कचाच तक्ता पुसला जातो. त्यानंतर ‘ॲड’ केले की पुनर्बांधणी सुरू होते.

४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी वेगाने भरली, तरी साडेसात तास जातात. या काळात उरलेल्या डिस्क अथक वाचल्या जातात. त्या बहुधा गेलेल्या डिस्कच्याच वयाच्या असतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बंद खोलीतली डिस्क हवेपेक्षा आणखी तापते. पुष्कळ डिस्कची मर्यादा ६० अंश असते. म्हणून उन्हाळ्यात हे काम रात्री घ्यावे, झाकण उघडून पंखा लावावा. कूलरचा ओला झोत मात्र मशीनवर नको. जिनिंगच्या आवारात संगणकाच्या जाळ्यांवर कापसाचे तंतू साचतात, ते आधी झाडून घ्यावेत. यूपीएसही हवाच. एक डिस्क कमी असलेल्या रेड-५ मध्ये लिहिणे चालू असताना वीज गेली, तर लिनक्स तो संच आपोआप सुरू करत नाही.

पुनर्बांधणी संपली की नव्या डिस्कवर ग्रब, म्हणजे मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बसवावा, नाहीतर पुढे जुनी डिस्क गेल्यावर मशीन सुरूच होणार नाही. एमडीॲडमची देखरेख चालू करून ईमेल पत्ता द्यावा.

रेड-१ मधून काढलेल्या डिस्कवर सगळा मजकूर वाचता येईल असा असतो. पतसंस्थेच्या सभासदांची खाती त्यात असतील, तर पुसल्याशिवाय ती डिस्क वॉरंटीत देऊ नये. पुसण्याइतकीही चालत नसेल, तर वॉरंटी सोडून ती फोडून टाकावी.