दिसायला एकच ‘वऱ्हाड’, मग दुवा लाल का?

विकिपीडियावर आपल्या गावाबद्दल लिहा म्हटलं की बुलढाणा-वाशिमकडची चांगली शिकलेली पोरंही मागे सरतात. ‘आम्हाला कुठं कोडिंग येतं?’ हा समज मला फार खटकतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून आहे, आणि आजही विदर्भातल्या कितीतरी गावांची पानं दोन-चार ओळींत संपतात. तिथं मजकूर मांडायला लागणाऱ्या खुणा शिकायला एक दुपार पुरते, तीही मोबाइलवर.

मथळ्यासाठी ओळीच्या दोन्ही टोकांना == इतिहास == अशी बरोबरची जोडचिन्हं. शब्द ठळक करायचा तर त्याच्या आगेमागे तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं, तिरपा करायचा तर दोन-दोन. इथं दुहेरी अवतरणाची कळ दाबून भागत नाही, एकेरीच तितक्या वेळा दाबायची. ओळीच्या सुरुवातीला * दिलं की ठिपक्यांची यादी होते, # दिलं की आकड्यांची. संदर्भ कोनी कंसातल्या ref या इंग्रजी खुणेत जातो, आणि तो द्यायचा कंटाळा अजिबात करू नये. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा दैवी कोपापासून चमत्कारापर्यंत काय काय मोबाइलवरून फिरलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तर खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. पानावर संदर्भासकट लिहिलेली अशी एक ओळ शंभर फॉरवर्डांना पुरून उरते.

आता माझी सगळ्यात लाडकी खूण: [[ ]]. शब्द दुहेरी चौकटी कंसात टाकला की तो त्या नावाच्या पानाचा दुवा, म्हणजे लिंक, होतो. पान असेल तर निळा, नसेल तर लाल. पहिला विकी, म्हणजे वाचकांनाच पानं बदलता येतील असं संकेतस्थळ, वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी इंटरनेटवर आणला, तेव्हा हे कंस नव्हते. इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवायचे, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत ठेवायचं, की दुवा तयार. २००१मध्ये विकिपीडिया सुरू झाला तोही याच पद्धतीनं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ती रीत आपल्याला कधीच चालली नसती. कंस आले आणि कुठल्याही लिपीतलं नाव दुवा होऊ शकलं.

पण कंसातलं नाव आणि पानाचं नाव एकच आहे, हे संगणक ठरवतो कसं? त्याला अक्षराचं रूप दिसत नाही. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या प्रमाण यादीनं प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिलेला आहे, आणि संगणक त्या क्रमांकांची रांग ताडून पाहतो. एकाच नावाचे दोन शेतकरी असले तरी तलाठी जसा गट नंबर बघतो, तसंच हे.

‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, मग ह. तेव्हा अख्ख्या शब्दाची रांग होते २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७. दुसरी, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाचं एक अदृश्य चिन्ह, आणि मग ह. आता रांग २३५७, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७ अशी. पहिलीत सहा क्रमांक, दुसरीत सात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कारण अक्षर रंगवणारा फाँट दोन्ही रांगांना तोच आकार देतो. विकीचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या नियमानं काही रांगा एकरूप करून घेतं. साधा र आणि सुटा नुक्ता असं टंकलं तर त्याचा आपोआप २३५३ होतो. वरच्या दोन रांगांना मात्र युनिकोडच समान मानत नाही, आणि जोडक काढून टाकावा तर तो भारतीय लिप्यांना लागतो. म्हणून एका रांगेनं बनवलेलं पान जागेवर असताना दुसऱ्या रांगेनं टंकलेला दुवा लालच राहतो. ते पाहून एखादा उत्साही माणूस त्याच नावाचं दुसरं पान उघडतो, आणि मजकूर दोन ठिकाणी विखुरतो.

यावर उपाय एका ओळीचा आहे. दुसऱ्या रांगेच्या पानावर #पुनर्निर्देशन [[वऱ्हाड]] एवढंच लिहायचं, कंसातलं नाव मात्र मूळ पानाच्या शीर्षकावरून कॉपी करून. वाचक कुठूनही आला तरी खऱ्या पानावर पोचतो. चंद्रपूर आणि चंद्रपुर या ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळालाही हेच औषध.

मराठीत आणखी एक अडचण विभक्तीची. पानाचं नाव चिखलदरा आणि वाक्यात हवं चिखलदऱ्याला. नाव नागपूर आणि वाक्यात नागपुरात. तिथं उभी रेघ कामाला येते: [[चिखलदरा|चिखलदऱ्याला]], [[नागपूर|नागपुरात]]. रेघेच्या डावीकडे पत्ता, उजवीकडे वाचकाला दिसेल तो शब्द. ताडून पाहिली जाते ती फक्त डावी बाजू, म्हणून उजवीकडचा ऱ्या कसाही टंकला तरी दुवा बिघडत नाही. कारंजा वाशिम जिल्ह्यातही आहे आणि वर्ध्यातही. मजकुरात नुसतं कारंजा दिसायला हवं असलं तरी डावीकडे कारंजा लाड की कारंजा घाडगे, ते पानाच्या शीर्षकाबरहुकूम पुरतं लिहायचं.

सराव धूळपाटीवर, म्हणजे त्यासाठीच ठेवलेल्या कच्च्या पानावर, करावा, आणि जतन करण्याआधी झलक बघावी. लाल दुवा दिसला तर घाबरून कंस काढून टाकू नका. ते पान अजून कुणी लिहिलेलं नाही, एवढंच तो सांगतो. कुठल्या पानातून कुठल्या नावाकडे दुवा जातो याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं, मग ते पान असो वा नसो. तुम्ही गावाचं पान जतन केलं की इतर पानांवरचे त्या नावाचे लाल दुवे आपसूक निळे होतात, कुणाला ती पानं उघडून दुरुस्त करावी लागत नाहीत. म्हणून नवं पान सुरू करण्याआधी त्या नावावर जाऊन ‘येथे काय जोडले आहे’ यावर टिचकी मारा. गावाचं नाव त्याच शुद्धलेखनानं आधी कुठल्या पानांतून जोडलंय, ते तिथं दिसतं.